गल्ली बंद, कारण सत्यनारायण

११ जानेवारी १९८७, रविवार

ऑफिसला कागद पुरवणाऱ्या कंपनीने ही डायरी फुकट दिली. प्रत्येक पानाखाली एक सुविचार छापलाय. आजचा सुविचार: 'धीर धरणाऱ्यास सर्व काही मिळते.' ज्याने हा छापला त्याने आमच्या गल्लीत धीर धरून रस्ता ओलांडून दाखवावा. संध्याकाळपर्यंत तिथेच उभा मिळेल.

पार्ल्यातल्या आमच्या गल्लीला म्युनिसिपालिटीने अजून नाव दिलेलं नाही. रिक्षावाल्यांनी दिलंय: शॉर्टकट. पलीकडचा मोठा रस्ता दीड वर्षापूर्वी खणला, तेव्हापासून स्टेशनवरून हायवेला जाणारी प्रत्येक रिक्षा आणि टेम्पो आमच्या खिडकीखालून जातो. तिकडच्या खड्ड्यात आता अळू उगवलंय. तो बुजवला तर वडीवाल्यांचा मोर्चा येईल.

आमची उत्तरा दहा वर्षांची. गेल्या ऑगस्टात तिला इथेच, समोरच्या धोंडूच्या दुकानाशी रिक्षाने उडवलं. उजवा पाय मोडला. सात आठवडे प्लास्टर होतं. आता डॉक्टर म्हणतात, हाड उत्तम जुळलंय, खुशाल पळू दे. म्हणायला डॉक्टरांचं काय जातं! ती मात्र संध्याकाळभर गॅलरीत उभी राहून खालच्या पोरांचे डाव बघत असते. तिलाच खाली जायचं नसतं. मी रोज विचारतो, "पाय दुखत नाही ना?" ती म्हणते, "नाही." "भीती नाही ना वाटत?" "नाही." मग मी म्हणतो, "ठीक आहे, उद्या बघू." याहून जास्त मोकळीक कुठला बाप देतो?

आज दोन रिक्षांच्या मधून चेंडू काढताना एक पोरगा थोडक्यात वाचला. तेव्हाच ठरवलं. दर रविवारी चार ते सहा गल्लीची दोन्ही टोकं दोरी लावून बंद करायची. दोन तास पोरं खेळतील. सहानंतर नाही, कारण सहाच्या सुमारास टीव्हीवर सिनेमा असतो, आणि सिनेमा चुकवून क्रांती करायची आपल्याकडे पद्धत नाही.

जाता जाता एक. आमच्या खालच्या मजल्यावर जानकीकाकू राहतात. त्यांची नवी तक्रार अशी, की रोज दुपारी चारला आमच्या घरात कोणीतरी धपधप करतं. बायकोला, म्हणजे कुंदाला, विचारलं. म्हणाली, "चटणी कुटत असेन." रोज चटणी? पानात तर दिसत नाही. काकूंचं ब्लडप्रेशर कानात वाजत असणार.

१३ जानेवारी, मंगळवार

सह्या गोळा करायला निघालो. गल्लीत सगळ्यांना मुलं आवडतात. फक्त ती कुठे असावीत, याबद्दल मतभेद आहेत.

तळमजल्यावर चंद्रप्रकाश टिपणीस. कारखान्यात इंजिनिअर, बुद्धिवादी, आणि तीन महिन्यांपूर्वी लाल मारुती घेतल्यापासून बुद्धीचा सगळा वापर त्या गाडीसाठी. गाडी दिवसभर खोळीत असते. रोज सकाळी खोळ काढून पुसतो आणि पुन्हा घालतो.

"गल्ली बंद केलीत तर माझी गाडी?"

"रविवारी कुठे नेता गाडी?"

"कुठेच नाही. पण न्यायची झाली तर?"

सही दिली नाही. जानकीकाकूंनी दिली, पण धपधपीचा विषय पुन्हा काढून. धोंडूच्या दुकानात सहीला मी कुंदाला पाठवलं. मी त्याच्या दुकानात जात नाही. त्याच्याकडचा साबण चांगला नसतो. मी स्टेशनजवळून आणतो, तेवढंच पायांना चालणं. सिगारेट सोडल्यापासून तसंही वजन वाढलंय. ऑफिसात विचारतात, कशी सुटली हो एकदम? मी म्हणतो, खोकला.

२२ जानेवारी, गुरुवार

अर्धी रजा टाकून वॉर्ड ऑफिसात गेलो. टेबलामागच्या गृहस्थांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला, आणि परत वाचला.

"कारण काय लिहिलंय हे? मुलांना खेळण्यासाठी? म्हणजे क्रीडामहोत्सव का? उद्घाटक कोण?"

"कोणी नाही. मुलं नुसती खेळणार."

"नुसती?" त्यांनी शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. "अहो साहेब, रस्ता बंद करायचा तर रस्त्यात काहीतरी पाहिजे ना! मांडव दाखवा, स्टेज दाखवा. रिकामा रस्ता बंद कसा करणार?"

"तो रिकामा असावा म्हणूनच तर बंद करायचाय."

गृहस्थांना माझी दया आली असावी. त्यांनी छापील फॉर्म पुढे सरकवला. "यातलं एक निवडा. तुम्ही सुशिक्षित दिसता, तुम्हाला जमेल." गणपती, नवरात्र, लग्न, सत्यनारायण, मयत. शेवटचा शब्द वाचून मी फॉर्म जरा वेळ टेबलावर उलटा ठेवला. मग पाणी पिऊन आलो आणि 'सत्यनारायण' वर खूण केली. फेब्रुवारीचे चारही रविवार. सात मिनिटांत शिक्का!

पोरांसाठी हा देश काही करणार नाही, पण देवाच्या आडून थोडंफार चालवून घेतो. बाहेर पडताना मी स्वतःवर इतका खूश होतो की शीळ घालत होतो.

२३ जानेवारी, शुक्रवार

जिन्यातच बैठक घेतली. परवानगीचा कागद दाखवला. टाळ्या होतील असा माझा अंदाज होता. जानकीकाकूंनी छातीवर हात ठेवला.

"नेरूरकर, देवाचं नाव लिहून दिलंत? आणि पूजा?"

"पूजा कसली काकू, ते नुसतं कागदावर."

"कागदावर! अहो, पोथीतला तो व्यापारी नुसतं तोंडी बोलला होता. पूजा करीन म्हणाला, आज करतो उद्या करतो करत राहिला. शेवटी काय झालं? भरल्या नावेतल्या मालाचा पालापाचोळा! तुम्ही तर शिक्का मारून घेतलात."

पोथी सगळ्यांनी लहानपणापासून शिऱ्याच्या आशेने ऐकलेली आहे. मी पाहिलं, चंद्रप्रकाशची नजर दाराबाहेर खोळीतल्या मारुतीवर गेली.

"हे बघा," तो म्हणाला, "मी देव मानत नाही. पण विषाची परीक्षा कशाला घ्या?"

पंधरा मिनिटांनी तो पूजासमितीचा अध्यक्ष झाला. ज्याला मुलांना खेळायला दोन तास देणं अशक्य होतं त्याच माणसाने देवासाठी गाडी हलवायचं कबूल केलं. मी चिटणीस. चारही रविवार पूजा खरोखर होणार, गल्लीतच होणार. पूजेचा अर्धा तास गेला तरी पोरांना दीड तास मिळतोच, असं मी मनाला समजावलं.

१ फेब्रुवारी, रविवार

पहिला दिवस. चारला दोऱ्या बांधल्या. रिक्षावाले दोरीपाशी येऊन हॉर्न वाजवत, केळीचे खुंट पाहून हात जोडत आणि वळून जात. एकानेही वाद घातला नाही. गल्लीत दीड वर्षात पहिल्यांदा बिस्किट फॅक्टरीचा वास आला. इतके दिवस धुरात तो कळतच नव्हता.

सव्वाचारला पोरं बॅटी घेऊन उतरली आणि तिथेच उभी राहिली. मांडव गल्लीच्या बरोब्बर मध्ये होता. सगळ्यांना सारखाच जवळ पडावा, असा अध्यक्षांचा न्याय. पोरांना सतरंजीवर हात जोडून बसवलं. गुरुजींनी पाचही अध्याय सावकाश, अर्थासहित सांगितले. मग आरती. मग शिरा. मग शिरा पुरला नाही म्हणून पुन्हा शिरा. खेळाला उरली अकरा मिनिटं. करायला गेलो गणपती आणि झालं माकड.

माझ्याकडून मात्र तयारीत कसर नव्हती. फाटकाशी फळा लावला होता: १. चेंडू जोरात मारू नये. २. आरडाओरडा करू नये. ३. पळू नये. कुंदाने फळा वाचून विचारलं, "मग खेळायचं काय, पत्ते?" शिस्त हा शब्द तिच्या माहेरी पोचलेलाच नाही.

उत्तराला मी मुख्य नोंदनीस नेमलं. फाटकाच्या आत खुर्ची, हातात वही, गळ्यात शिट्टी. कोण किती वेळ खेळलं ते लिहायचं. अकरा मिनिटं तिनेच मोजली. ती शाळेचे कॅनव्हासचे बूट घालून, नाड्या घट्ट बांधून आली होती. खुर्चीवर बसायला बूट कशाला? पण असते पोरांना हौस.

४ फेब्रुवारी, बुधवार

जानकीकाकूंनी आता लेखी तक्रार दिली आहे. धपधप वाढली असून सोबत कोणीतरी मोठ्याने एक ते चाळीस मोजतं. कुंदा म्हणाली, उत्तरा पाढे पाठ करते. मला बरं वाटलं. मी काकूंना उलट चिठ्ठी लिहिली, की आमच्या घरात अभ्यास होतो, त्याचा आवाज आपल्याला अपरिचित वाटणं स्वाभाविक आहे. चिठ्ठी कुंदाने मध्येच अडवली आणि चुलीत घातली. म्हणजे गॅसवर. आपल्याकडे भांडणसुद्धा आता नीट पेटवता येत नाही.

आणखी एक. उत्तराच्या उजव्या बुटाचा तळवा पार झिजून गेलाय. डावा नव्यासारखा. पोरगी शाळेत रिक्षाने जाते, घरात बसून असते, आणि बूट झिजतात! हल्ली कंपन्या काय माल काढतात देव जाणे.

८ फेब्रुवारी, रविवार

दुसरी पूजा. पहिलीचं यश पाहून अध्यक्षांना उत्साह आलाय. लाऊडस्पीकर, हळदीकुंकू, पन्नास खुर्च्या. एका बँकेतल्या अधिकाऱ्यांना प्रमुख पाहुणे म्हणून आणलं. ते 'आजचे बालक आणि उद्याचा भारत' यावर चाळीस मिनिटं बोलले. समोर बालक एकही नव्हतं.

हे माझ्या भाषणाच्या मध्यावर लक्षात आलं. (पहिलं पाहुण्यांचं, दुसरं माझं.) पोरं गेली कुठे? शोधत गेलो तर सगळी मागच्या गल्लीत क्रिकेट खेळत होती. आमची गल्ली बंद, म्हणून सगळ्या रिक्षा आता मागच्या गल्लीतून जातात. आणि आमची पोरं बरोब्बर त्या रिक्षांच्या मध्ये! मी एकेकाला कान धरून सुरक्षित सतरंजीवर आणून बसवलं. मग सगळ्यांना दोनदा मोजलं. चिटणीसाला हिशेब ठेवावाच लागतो.

उत्तरा तेवढी खुर्चीवर जागेवर होती. वही कोरी. म्हणाली, "बाबा, लिहायला काहीच नाही. मी उतरू?"

"उतरून करणार काय? खेळतंय का कोणी? आणि नोंद कोण ठेवणार?"

तिने कोरी वही मिटून मांडीवर ठेवली. समजूतदार आहे पोर.

११ फेब्रुवारी, बुधवार

कुंदाशी भांडण झालं. भांडण म्हणजे ती बोलली.

"अहो, गल्लीतली वीस पोरं तुम्ही खाली उतरवलीत. आपली एक सोडून."

मी म्हटलं, तिलाच नको असतं. कुंदा म्हणाली, "तुम्ही तिला कधी 'जा' म्हणालात? एकदा तरी? रोज विचारता, भीती वाटते का, भीती वाटते का. तिला कुठली वाटते? कुणाला वाटते ते मला माहीत आहे."

मग ती आत गेली आणि मी डायरी उघडून बसलोय. आजचा सुविचार: 'सत्य बोलावे.' छापणाऱ्याला आजच हे सुचायचं होतं.

लिहून टाकतो. ऑगस्टातल्या त्या संध्याकाळी उत्तराला धोंडूच्या दुकानात मी पाठवलं होतं. काडेपेटी आणायला. सिगारेट माझ्या ओठात होती आणि घरातली पेटी संपलेली. ती खाली लंगडी खेळत होती. मी खिडकीतून ओरडलो, आधी काडेपेटी आण. ती घेऊन निघाली तेव्हा पुन्हा ओरडलो, "लवकर ये गं!" म्हणून ती पळाली. नाहीतर ती दोन्हीकडे बघूनच ओलांडते. मीच शिकवलंय तिला. रिक्षा थांबली, माणसं धावली, तिला धोंडूने उचललं आणि दवाखान्यात नेलं. मी जिन्यावर होतो. पाय हलत नव्हते. माझे.

खोकला वगैरे काही नव्हता. आणि धोंडूचा साबणही बरा असतो.

मला फार भीती वाटते. एवढंच.

१५ फेब्रुवारी, रविवार

तिसरी पूजा. नीट लिहायला हवं.

पोथी संपली. सगळे आरतीला उभे राहिले. तेवढ्यात वारा सुटला, मांडवाचं कापड उडालं आणि समई, निरांजन दोन्ही विझली. गुरुजींनी काडेपेटी घ्यायला हात पुढे केला तर ती पंचामृताच्या वाटीत पडलेली. सगळ्यांनी खिसे चाचपले. मग सगळी गल्ली माझ्याकडे पाहू लागली.

"नेरूरकर, तुमच्याकडे असेलच," गुरुजी म्हणाले.

"मी सोडली."

"मग आणा हो कोणीतरी पटकन समोरून!"

मी वळलो तर फाटकातली खुर्ची रिकामी. वही खुर्चीवर, शिट्टी वहीवर. उत्तरा रस्त्याच्या कडेला उभी होती. तिने उजवीकडे पाहिलं. डावीकडे पाहिलं. पुन्हा उजवीकडे पाहिलं. दोन्ही टोकांना दोऱ्या, गल्लीत एक सायकलसुद्धा नाही, तरी पाहिलं. मग डावा पाय मागे उचलला आणि उजव्या पायावर, मोडलेल्या पायावर, लंगडी घालत निघाली.

"उत्तरा!" एवढंच तोंडातून आलं. पुढचं काय म्हणायचं ते मला माहीत नव्हतं. सावकाश म्हणायचं की थांब.

धपधपधप. हात जोडून उभी असलेली पोरं हात सोडून मोजायला लागली. पाच, सहा, सात. धोंडू पेटी घेऊन स्वतः फळीबाहेर आला होता. तो कधी फळीबाहेर येत नाही.

"घे गो चेडवा. सावकाश जा हां," तो म्हणाला.

तिने तिथेच गिरकी घेतली, पाय खाली न टेकवता, आणि परत निघाली. एकवीस, बावीस. आरती थांबलेली, गुरुजी कापूर हातात धरून बघतायत. सगळी गल्ली मोजत होती. चंद्रप्रकाशसुद्धा, आणि तो नेहमीप्रमाणे एकाने पुढे होता.

"अगोबाई!" जानकीकाकू माझ्या दंडाला धरून म्हणाल्या. "हाच तो आवाज! रोज चारला! हाच!"

मी कुंदाकडे पाहिलं. ती डोळे पुसत होती आणि हसत होती. चटणी, पाढे, उजवा बूट. कित्येक आठवडे पोरगी आमच्या बाहेरच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत पाय तयार करत होती आणि मी कंपनीच्या मालाला नावं ठेवत होतो. कारकुनाला फायलीतलं सगळं दिसतं, घरातलं तेवढं दिसत नाही.

चाळिसाव्या उडीला ती माझ्यासमोर आली. तेव्हा कुठे पाय टेकला. गाल लाल झालेले.

"बाबा, काडेपेटी," ती म्हणाली. "पळाले नाही हां मी."

काय सांगू. मला फळ्यावरचा तिसरा नियम दिसला, आणि तो मी कोणासाठी लिहिला होता तेही. मी पेटी घेतली पण काडी ओढता येईना. तीन मोडल्या. शेवटी काकूंनी पेटी हिसकावून घेतली आणि समई लावली. आरतीत मी एकही शब्द म्हटला नाही. रडत होतो. सगळ्यांनी भक्ती समजून मान दिला.

२२ फेब्रुवारी, रविवार

शेवटची पूजा सकाळी आठला, जानकीकाकूंच्या घरात झाली. ठरवलं काकूंनीच. "पूजा करीन म्हटलंय ना? केली. किती वाजता आणि कुठे, ते देव विचारत नाही." मी विचारलं, वॉर्ड ऑफिसने विचारलं तर? "त्यांना शिरा द्या," काकू म्हणाल्या.

दुपारी मी धोंडूकडे गेलो. साबण मागितला. त्याने दिला. मी बराच वेळ काउंटरशी उभा राहिलो. त्या दिवशीचं बोलायचं होतं. तो म्हणाला, "ऱ्हवांदे ओ. पोर बरा आसा ना? झाला." मग एक लिमलेटची गोळी माझ्या हातावर ठेवली, लहान पोराला देतात तशी. मी खाल्ली.

चारला दोऱ्या बांधल्या. मांडव नाही, खुर्च्या नाहीत, पाहुणे नाहीत. चंद्रप्रकाशने गाडी मागच्या गल्लीत नेली आणि दोन तास तिच्यात काचा लावून बसून राहिला. मारुतीचा आजवरचा सर्वात लांबचा प्रवास. फळ्यावरचे तीनही नियम मी सकाळीच ओल्या फडक्याने पुसले होते. कोरा फळा बरा दिसत नाही म्हणून उत्तराने त्यावर खडूने दोन गटांची नावं लिहिली. स्वतःचं सगळ्यात वर.

मग मी मागे न बघता, मोठ्याने, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणालो, "उत्तरा, जा." म्हणायची गरज नव्हती. ती कधीच माझ्या मागून निघून पोरांत पोचली होती.

खेळ सुरू झाला. आरडाओरडा, धक्काबुक्की, आणि पळापळ तर विचारू नका. मी चिटणीस या नात्याने रस्त्याच्या मधोमध उभा होतो. दोन्ही टोकांवर नजर ठेवायला तीच जागा सोयीची. एकदा उत्तरा माझ्या उजवीकडून पळत गेली, एकदा डावीकडून. तिसऱ्यांदा येऊन सरळ मला धडकली.

"बाबा," ती धापा टाकत म्हणाली, "बाजूला व्हा ना. मध्ये येताय."

मी बाजूला झालो.